घारीनं गच्ची बंद केली, घरटं काढून टाकावं का?

सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांची चार मजली, बारा फ्लॅटची सोसायटी. कंपाउंडला लागून जुनी निलगिरी आणि तिच्यावर, गच्चीच्या कठड्यापेक्षा थोडं वर, घारीचं घरटं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे गच्चीवर बिनघोर वावरत होते. एप्रिलच्या मध्यापासून घार अंगावर येऊ लागली आणि पंधरवड्यात तिघांना नख्या लागल्या. कुरडया वाळत घालणाऱ्या सासूबाईंच्या डोक्याला दोन टाके पडले. टाकी धुवायला आलेल्या पोराच्या मानेला ओरखडे आले. पश्चिमेच्या कठड्यावरून पिलांचे फोटो काढणाऱ्या ताईंच्या मुलाच्या कानाला लागलं. घरट्यात दोन पिलं दिसतात, अंगावर पांढुरकी लव आणि पंखांवर काळपट पिसं फुटलेली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ‘घार शांत राहील’ म्हणून दर रविवारी मटणाचे तुकडे कठड्यावर ठेवतात. सासूबाईंना घार डोक्याला लागणं अशुभ वाटतं, शांत करून घेऊ म्हणतात. ताईंचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. येत्या मीटिंगपुढे तीन सूचना आल्यात: बांबूनं घरटं पाडायचं, फटाके लावून घारी हाकलायच्या, नाहीतर झाडच तोडायचं. ताई विचारतात, ‘घरटं जावं असं वाटतं म्हणून मला अपराधी वाटतं. आणि राहू दिलं आणि उद्या कुणाचा डोळा गेला तर तेही आपल्याच माथी. काय करू?’

ताई, आधी सासूबाईंची जखम. टाके घातले म्हणजे डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं असेल. तुमच्या मुलाला आणि टाकी धुणाऱ्या पोराला ते मिळालं का, हे आजच विचारून घ्या. घारीच्या नख्या उकिरड्यावर, मेलेल्या घुशींवर, मटणाच्या दुकानांमागे फिरून आलेल्या असतात. ओरखडा वरून बारीक दिसला तरी नखी वाकडी आणि टोकदार असते, त्यामुळे घाण आत खोलवर जाते. नखी लागली की लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची. सांगली हळदीची पेठ असली तरी या जखमेत हळद भरू नका, चुना किंवा कॉफीपूडही नको. डोक्याच्या जखमेतून रक्त भरपूर येतं आणि घरातली माणसं घाबरून जातात. स्वच्छ फडक्यानं १० मिनिटं न सोडता दाबून धरलं तर ते बहुतेक वेळा थांबतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत जखमेच्या कडा लाल, गरम झाल्या, ठणका वाढला, पू किंवा ताप आला तर पुन्हा डॉक्टरांकडे जायला उशीर नको. मधुमेह असेल तर वाट पाहूच नये. डोळ्याला लागलं असेल तर चोळायचं नाही, दाबायचं नाही. वरून कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीनं अडकवायचा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचं. रेबीजची धास्ती मात्र घेऊ नका. तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, पक्ष्याच्या ओरखड्यातून होत नाही.

शांत करायची की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण सासूबाईंना एवढं जरूर सांगा की घारीनं त्यांना निवडून गाठलेलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस वारंवार डोकावू लागलं तर घरातली म्हातारी जशी त्याला दारातूनच हटकते, तसलंच हे आहे. त्यांना हे कदाचित आपल्यापेक्षा लवकर पटेल.

आता तुमच्या पत्रातल्याच दोन गोष्टींकडे तुमचं लक्ष वेधतो, कारण उत्तर त्यांतच आहे. एक म्हणजे वेळ. तुम्ही लिहिता की मार्चपर्यंत घारीनं कुणालाच त्रास दिला नाही. घरटं तेव्हाही तिथेच होतं, घारीही त्याच होत्या. मग ‘घार पिसाळली’ असं कसं म्हणायचं? फरक पडला तो पिलांमुळे. अंडी असताना घार सहसा घरट्यात दबून बसते. पिलं बाहेर आली, वाढू लागली की तिचा राग वाढत जातो आणि पिलं उडायच्या बेतात आली की तो शिगेला पोचतो. दुसरी गोष्ट जागेची. तिघांपैकी तुमचा मुलगा पश्चिमेच्या कठड्याशी होता, हे तुम्ही लिहिलंय. टाकी आणि वाळवणाची जागा कुठे, ते लिहिलेलं नाही. पण गच्चीचं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. त्या दोन्ही जागा निलगिरीच्या बाजूलाच असाव्यात, असा माझा अंदाज आहे. जिन्याच्या दारापाशी उभ्या राहणाऱ्या कुणाला लागल्याचं तुमच्या पत्रात नाही.

म्हणजे ‘घरटं जाईल किंवा गच्ची जाईल’ अशी जी मांडणी तुमच्या मीटिंगपुढे आली आहे, ती मुळात नीट नाही. बंद झाली आहे ती गच्चीची एक बाजू, दिवसाउजेडी, काही आठवड्यांसाठी. ते आठवडे किती, याचा हिशेब आपल्याला करता येतो. घारीची अंडी उबायला साधारण एक महिना लागतो आणि पिलू उडायला पुढे सहा ते आठ आठवडे. पिलांच्या अंगावर लव शिल्लक आहे आणि पंखांची काळपट पिसं फुटलीत असं तुम्ही म्हणता, म्हणजे ती तीन-चार आठवड्यांची आहेत. अजून दोन ते पाच आठवडे ती घरट्यात किंवा आजूबाजूच्या फांद्यांवर राहतील. उडाल्यावरही काही आठवडे आई-बाप त्यांना भरवतात, पण पिलं लांब बसू लागली की घरट्याभोवतीचा पहारा सैल होतो. मधला एक आठवडा मात्र फार जपा. पिलं घरट्यातून फांदीवर येतात, धड उडता येत नाही, कधी थेट तुमच्या कठड्यावर येऊन बसतात. त्या दिवसांत घार सर्वांत जास्त अंगावर येते. तो आठवडा ओळखायची खूण अशी: लव जवळपास गेलेली असते, छाती-पाठीवर फिकट ठिपके आणि रेघा दिसतात, पिलू घरट्याच्या काठावर उभं राहून जोरजोरात पंख फडफडवतं. झाडाखाली चुना शिंपडल्यासारखे पांढरे शिंतोडे वाढले की पिलं मोठी झाली असं समजा, कारण ती घरट्याबाहेर शीट टाकू लागतात.

मीटिंगमधल्या तीन सूचनांचं बघू. बांबूनं घरटं पाडलं तर काय होईल? पिलं मरतील किंवा जखमी होतील. घारी त्या दिवशी निघून जातील असं मात्र समजू नका. पडलेली पिलं जिवंत असेपर्यंत दोन्ही घारी तुमच्या आवारात, आता जमिनीलगत, माणसांवर झेपावत राहतील. तेव्हा त्रास गच्चीवर जाणाऱ्याला न होता खालच्या पार्किंगमध्ये प्रत्येकाला होईल. हंगामाच्या सुरुवातीला, अंड्यांवर असताना घरटं मोडलं तर जोडी बऱ्याचदा पुन्हा अंडी घालते. म्हणजे महिनाभराची उबवण आणि पुढचे दीड-दोन महिने, सगळं पहिल्यापासून. फटाक्यांचं असं आहे की अर्धवट वाढलेली पिलं घाबरून घरट्यातून उड्या टाकतात. घार पिलांना सोडून जात नाही, आणि घरट्याजवळ माणूस म्हणजे संकट हे मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसतं.

कायदाही आड येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंडी किंवा घरटं विस्कटणं धरलेलं आहे. सेक्रेटरी म्हणून तुमच्या यजमानांनी असा ठराव लिहून सही केली, तर तो कागद त्यांच्याच विरुद्धचा पुरावा होईल. झाड तोडायलाही महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि घरट्यात पिलं असताना ती मागू नये. मीटिंगमध्ये आवाज चढायच्या आधी हे शांतपणे वाचून दाखवा. घरट्याची कीव नसलेल्यालाही एवढं पुरतं.

मग करायचं काय? पहिलं काम रेघेचं. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक जाणतं माणूस हेल्मेट घालून, छत्री उघडून, जिन्याच्या दारातून हळूहळू पुढे जाऊ द्या. दुसऱ्यानं दारातच थांबून घारीकडे बघत राहायचं. ‘घार हिंडते आकाशी’ असं आपण म्हणतो, पण पिलांच्या या दिवसांत मादी फारशी हिंडत नाही. खाणं आणायचं काम बहुतेक नर करतो, आणि ती जवळच्या उंच जागी, निलगिरीच्या वाळक्या शेंड्यावर किंवा समोरच्या टॉवरवर पहाऱ्याला बसते. माणूस पुढे सरकला की ती आधी ओरडते, थरथरत्या लांबट शिट्टीसारखा आवाज. तिथे थांबा, खडूनं खूण करा. आणखी दोन पावलं गेल्यावर ती जागा सोडून वर घिरट्या घालू लागेल. तिथे दुसरी खूण. त्यापुढे जाऊ नका, कारण तिसरी पायरी झेप ही असते. ओरडण्याच्या खुणेच्या दोन हात अलीकडे गच्चीवर आडवी, ठळक रेघ मारा, चुन्याची किंवा ऑइलपेंटची. या रेघेपलीकडे दिवसा कुणी जायचं नाही. पिलं वाढतील तशी ही रेघ दाराकडे सरकते, म्हणून दर चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. एकदा रेघ दिसली की माणसांची भीती निम्मी होते. आता ‘घार कधीही, कुठेही’ अशी स्थिती राहत नाही.

वाळवण, मुलांचं खेळणं, कपडे दाराच्या बाजूला घ्या. कुरडया-सांडग्यांसाठी शेजारच्या इमारतीची गच्ची मागितली तर मे महिन्यात सांगलीत कोण नाही म्हणेल? घार कुरडयांसाठी येत नाही, हेही बायकांना सांगा. वाळवणावर टोचा मारणारे कावळेच. एप्रिल ते जून कावळ्यांचीही घरटी असतात आणि तेही डोक्यावर टोचतात. त्यामुळे एखाद्यानं ‘घारीनं मारलं’ म्हटलं तर शेपूट विचारा. घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते.

रेघेपलीकडे गेल्याशिवाय गत्यंतर नसेल तर अंधाराचा उपयोग करा. घार दिवसाचा पक्षी आहे. मे महिन्यात सांगलीत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसात-पावणेआठनंतर टाकीपाशी जाऊन वीस मिनिटांत काम उरका. बॅटरीचा झोत खाली ठेवा, घरट्यावर मारू नका. टाकी किती भरली हे बघायला रोज कुणी वर जात असेल, तर तो हेलपाटाच बंद करता येतो. टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह आणि मोटरला पाणी भरल्यावर आपोआप बंद करणारा कंट्रोलर बसवा. इलेक्ट्रिशियनचं एका संध्याकाळचं काम आहे आणि घारी गेल्यावरही उपयोगी पडणारं आहे. टाकी धुणं आणि सोलरच्या काचा पुसणं जूनपर्यंत पुढे ढकला.

दिवसा जावंच लागलं तर मोठी, लांब दांड्याची छत्री हे सर्वांत चांगलं साधन. घार पाठीमागून येते आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या भागावर नख्या ओढून वर निघून जाते. म्हणून छत्री डोक्यावर सरळ न धरता जरा मागे कलती धरायची, म्हणजे मान झाकली जाते. दोन छत्र्या जिन्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खुंटीला कायमच्या अडकवून ठेवा. घरातून आणायची म्हटलं की लोक कंटाळा करतात आणि ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणून तसेच जातात. स्कूटरचं हेल्मेट काच खाली ओढून घातलं तरी चालतं, पण मान उघडी राहते, वर उपरणं गुंडाळा. काहीच हाताशी नसेल तर एखादी काठी डोक्याच्या वर उभी धरा. पक्षी सर्वांत उंच टोकावर झेपावतो. काठी फिरवायची नाही, घारीला मारायचं नाही. आणि पळायचं नाही. पळणाऱ्याची पाठ घारीकडे असते आणि गच्चीवर पळताना पाय अडकून पडलेल्या माणसाला घारीच्या नख्यांपेक्षा जास्त लागतं. तोंड घारीकडे ठेवून, पाठ भिंतीकडे करत दाराशी या. मुलांना हे करून दाखवा: दोन्ही हात मानेवर बांधायचे, कोपरं कानांवर आणायची, आणि चालत यायचं. घारीचं वजन किलोच्या आत असतं, पंख साडेचार-पाच फूट पसरतात म्हणून ती अवाढव्य वाटते. ती लेकरू उचलून नेईल ही भीती मनातून काढून टाका. भीती आहे ती ओरखड्याची, आणि डोळ्याची.

तुमच्या मुलाचे फोटो मात्र बंद व्हायला हवेत. तो पोरगा वाईट करत नाहीये, उलट त्याला त्या पिलांचं अप्रूप आहे, हे पत्रात दिसतं. पण घरट्याकडे टक लावून, हात पुढे करून, रोज त्याच जागी उभं राहणारं माणूस घारीच्या लेखी सर्वांत मोठा धोका. त्याला एक दुर्बीण द्या आणि तुमच्या घराच्या खिडकीत, पडद्याआड बसवा. रोजच्या नोंदी करू द्या: लव किती उरली, नर किती वेळा आला, पिलू काठावर केव्हा उभं राहिलं. सोसायटीला कोणत्या आठवड्यात जास्त जपायचं, हे तोच सांगेल.

गच्चीवरून टाकीपर्यंतची वाट अगदीच टाळता येण्यासारखी नसेल, तर त्यावर शेडनेट ताणा. द्राक्षबागा आणि नर्सऱ्यांमुळे आपल्याकडे ते कृषी दुकानांत सहज मिळतं, ५० टक्के सावली देणारं पुरे. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्यांत वाळू किंवा काँक्रीट भरून त्यांत बांबू रोवा आणि सात फुटांवर नेट ढोलाच्या पानासारखं घट्ट बांधा. सैल, लोंबणारं नेट नको. उडायला शिकणारं पिलू त्यात गुंतून लटकेल. त्याच कारणानं मासेमारीचं नायलॉन जाळं, मांजा, तारा कधीच लावू नका. हे काम अंधार पडल्यावर एका बैठकीत संपवा. आणि वळवाचं आभाळ दाटलं की नेट सोडवून ठेवायला विसरू नका, नाहीतर बांबूसकट उडेल.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं. त्यांच्या मनात वावगं काही नाही, हे मला मान्य आहे. कुणाला खाऊ घातलं की ते आपलं होतं, असं आपण सगळेच मानतो. घारीच्या बाबतीत मात्र हे उलटं होतं. दिल्लीतल्या घारींच्या घरट्यांवर भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की जिथे माणसांकडून मिळणारं खाणं आणि उघडा कचरा जास्त, तिथे घारी घरट्यासाठी माणसांवर जास्त त्वेषानं धावून येतात. माणसाजवळ राहून ज्या जागेत पोट भरतं ती जागा राखण्यासारखी वाटते, आणि माणसाची भीड चेपते, हे सहज समजण्यासारखं आहे. त्यात कठड्यावरचं मटण म्हणजे घरट्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरे कावळे, दुसऱ्या घारी गोळा करणं. त्यांना हाकलायला ही घार दिवसभर चिडलेली राहते आणि मधे तुम्ही सापडता. त्या गृहस्थांना मीटिंगमध्ये सर्वांसमोर बोलू नका. आधी घरी जाऊन, चहा घेत सांगा. ‘तुमच्यामुळे झालं’ असं म्हटलं की माणूस अडून बसतो. ‘पिलं उडेपर्यंत थांबवाल का’ असं विचारलं तर बहुतेक लोक थांबवतात. एकदा थांबलेली सवय पुढेही सुरू न करण्याबद्दल नंतर बोलता येईल. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का तेही बघा, आणि रविवारी मटणाची हाडं-कातडी गाडी येईपर्यंत बंद पिशवीत ठेवा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती टाकी धुवायला आलेल्या पोराची. तुम्हाला बाराही घरांना घार माहीत आहे. त्याला कुणी सांगितलं होतं का? केबलवाला, सोलर दुरुस्तीवाला, पाहुणे म्हणून आलेली मुलं, यांना काहीच कल्पना नसते आणि नख्या यांनाच लागतात. जिन्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावा: ‘समोर घारीचं घरटं आहे. छत्री घेऊनच बाहेर पडा. पांढऱ्या रेघेपलीकडे जाऊ नका.’ दाराला कडी आणि किल्ली वॉचमनकडे. त्या पोराच्या औषधपाण्याचा खर्च सोसायटीनं करावा, हाही ठराव याच मीटिंगमध्ये घ्या.

मे महिना आहे, वळीव येईल, आणि निलगिरीच्या फांद्या कशा मोडतात ते तुम्हाला माहीत आहे. पिलू खाली पडलं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी सगळे एकदम ओरडत असतात. पिसं पूर्ण आलेलं पिलू फांदीला, कठड्याला घट्ट धरून बसलं असेल तर त्याला हात लावू नका. कुत्री-मांजरं लांब ठेवा, आई-बाप त्याला तिथेच भरवतील. लव असलेलं पिलू जमिनीवर पडलं असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि ते येईपर्यंत एकानं छत्री धरून दुसऱ्यानं जाड टॉवेल टाकून पिलू उचला. पिलाच्याही नख्या धारदार असतात, म्हणून पाय टॉवेलच्या आतच धरायचे. भोकं पाडलेल्या खोक्यात, तळाला खडबडीत फडकं घालून, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. गुळगुळीत पुठ्ठ्यावर पाय फाकतात आणि सांधे बिघडतात. दूध, पोळी, भात काही नको. चोचीत पाणी तर मुळीच ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिलू दगावतं.

जखम नसेल तर पिलाला त्याच झाडावर परत ठेवणं हेच सर्वांत चांगलं, आणि घरटं कोसळलं असलं तरी ते जमतं. दीड फूट व्यासाची बांबूची पाटी घ्या, प्लॅस्टिकची असेल तर तळाला पाणी जायला भोकं पाडा, आत काड्यांचा थर द्या, आणि वनविभागाच्या माणसांकडून ती जुन्या घरट्याच्या जवळच्या जाड, सावलीतल्या बेचक्यात काथ्यानं बांधून घ्या. नायलॉनची दोरी नको, ती पायात अडकते. झाडावर चढण्याचं काम सोसायटीतल्या कुणी अंगावर घेऊ नये. चढणाऱ्यावर घार झेपावणारच, आणि पन्नास फुटांवर हात सुटला तर काय होईल हे सांगायला नको. पाटी बांधली की सगळ्यांनी घरात जायचं आणि खिडकीतून लक्ष ठेवायचं. माणसाचा वास लागला म्हणून आई पिलाला टाकते हा समज खोटा आहे. पिलू ओरडलं की ती येते.

आणि तुमचा तो डोळ्याचा प्रश्न. एवढं सगळं पाळूनही धोका शून्य होत नाही. जिथे माणसांना वाट बदलताच येत नाही, म्हणजे दवाखान्याचं दार, शाळेचं एकमेव फाटक, अंगणवाडीचा जिना, तिथे मी फक्त छत्री पुरेल असं म्हणणार नाही. तिथे सर्व जखमींच्या उपचाराचे कागद, जागेचा नकाशा आणि घरट्याचा लांबून काढलेला फोटो जोडून वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज करावा, त्यांना प्रत्यक्ष बोलवावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. विजेच्या खांबावर घरटं असेल तर त्याबरोबर महावितरणलाही कळवावं. तुमच्या गच्चीवर मात्र वाट बदलता येते, म्हणून तुम्हाला मी थांबा म्हणतोय. घरटं जावं असं वाटलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. घरच्या माणसाच्या डोक्याला टाके पडल्यावर कुणालाही तसंच वाटेल.

हेच पत्र दुसऱ्या कुणी साताऱ्याहून किंवा मिरजेहून शिक्रा या शिकारी पक्ष्याबद्दल लिहिलं असतं तरी रेघ, छत्री आणि अंधार हेच सांगितलं असतं. शिक्रा लहान पण फार चपळ, आंब्या-कडुलिंबावर घरटं करतो आणि न ओरडताच येऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवावं.

पावसाळा स्थिरावला की खरी दुरुस्ती करा. घारीची जोडी जागा धरून राहते, बऱ्याचदा त्याच घरट्यावर नव्या काड्या रचते, म्हणजे पुढच्या वर्षी हा प्रसंग पुन्हा येणार. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे तीन महिने तुमच्या हातात आहेत. महापालिकेकडे अर्ज करून गच्चीवर आलेल्या फांद्यांची छाटणी करून घ्या, म्हणजे पिलं तुमच्या कठड्यावर उतरायचं प्रमाण कमी होईल. घरटं रिकामं दिसलं तरी परस्पर काढू नका, वनविभागाला विचारूनच काय ते करा. वाळवणाची आणि कपड्यांच्या दोऱ्यांची जागा त्याच वेळी कायमची पूर्वेला हलवा, टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर पक्का पत्रा टाकता आला तर टाका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घारी पायात काड्या, चिंध्या घेऊन निलगिरीकडे जाताना दिसू लागल्या की छाटणी, रंगकाम, सगळं थांबवायचं, रेघ पुन्हा ठळक करायची आणि दोन्ही छत्र्या खुंटीला आहेत ना ते बघायचं.